भिंतीची, कापायची आणि खेळायची लाँगसोर्ड: एकीत तिन्ही का बसत नाहीत

प्रश्न: पुण्याहून नोकरीसाठी जर्मनीला जातो आहे. तिथे पंधराव्या शतकातल्या लढाया पेहरावासह उभ्या करणाऱ्या एका रीनॅक्टमेंट गटात सामील व्हायचा विचार आहे. ऑनलाइन एक ‘बॅटल रेडी’ लाँगसोर्ड, म्हणजे दोन हातांनी धरायची युरोपीय तलवार, आवडली आहे: स्टेनलेस, धारदार, वजन २.३ किलो. सरावाला हीच वापरावी आणि परत येताना आणून दिवाणखान्यात लावावी, असे जमेल का?

उत्तर: जमणार नाही. ही तलवार तर घेऊच नका. शिवाय हिच्याऐवजी दहापट चांगली घेतलीत तरी खेळायला एक, कापून पाहायला दुसरी आणि शोभेला तिसरी, असे वेगळे हिशेब राहतातच. त्यातला कोणता हिशेब तुमचा, हे आधी ठरवा. किंमत, पोलाद, मुठीचा आकार हे सगळे त्यानंतर.

आधी त्या जाहिरातीचे बघू. ‘बॅटल रेडी’ या शब्दामागे कोणतेही मानक नाही. कोणी तपासत नाही, कोणी शिक्का देत नाही. वजन २.३ किलो हा सरळ इशारा आहे. संग्रहालयांतल्या मूळ लाँगसोर्ड बहुतेक १.२ ते १.७ किलोच्या दरम्यान आहेत, एकूण लांबी ११० ते १३० सेंमी आणि पात्याची ८५ ते १०० सेंमी. जड तलवारी होत्या, पण त्या मिरवणुकीत राजापुढे उभ्या धरायच्या. त्या पाहूनच ‘जुन्या तलवारी दहा-दहा किलोच्या असत’ अशा गप्पा पसरल्या. प्रतिकृती दोन किलोच्या वर गेली, की बनवणाऱ्याने पाते घासायचे कष्ट वाचवले असे समजा.

स्टेनलेसचा मुद्दा गंजाचा नाही, चिवटपणाचा आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला स्टेनलेस उत्तम, कारण ती वीस सेंमीची असते आणि तिच्यावर कोणी आडवा घाव घालत नाही. ९० सेंमीच्या पात्यावर प्रत्येक घावाचा हादरा मुठीपर्यंत येतो. स्वस्त स्टेनलेस पाते एकतर कडक करताना ठिसूळ होते, नाहीतर मऊच ठेवलेले असते आणि वाकले की वाकलेलेच राहते. त्यातही या तलवारींच्या मुठीत काय दडलेले असते ते पुढे येईलच. फिरवताना पाते मुठीतून सुटून उडणे हा या प्रकारातला नेहमीचा अपघात आहे. म्हणून अशी तलवार भिंतीवर टांगली असली तरी पाहुण्यांच्या हाती फिरवायला देऊ नये.

आता गटाचे बोलू. तलवार घेण्याआधी तुमचा गट कोणते साल आणि कोणता प्रदेश दाखवतो ते विचारा. पोलंडमध्ये दरवर्षी जुलैत ग्रुनवाल्डची १५ जुलै १४१० ची लढाई उभी होते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विस्बीला ऑगस्टमध्ये मध्ययुगीन आठवडा असतो, तिथली लढाई १३६१ ची. इंग्लंडमध्ये ट्यूक्सबरीला ४ मे १४७१ ची लढाई जुलैत होते. हेस्टिंग्जच्या १०६६ च्या लढाईला लाँगसोर्ड घेऊन गेलात तर हसू होईल. दोन हातांची ही तलवार साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्याच्या मध्यापर्यंतची. त्या दोनशे वर्षांतही ती बदलत गेली. इवर्ट ओकशॉट या इंग्रज अभ्यासकाने मध्ययुगीन तलवारींचे क्रमांकवार प्रकार पाडले आणि आज सगळे विक्रेते तेच क्रमांक रोमन आकड्यांत लिहितात. तुमच्या कामाचे चार-पाच पुरे. तेरा-ए म्हणजे रुंद, जवळजवळ समांतर कडांचे, मधे पन्हळ असलेले, कापणारे पाते, चौदाव्या शतकाचे. पंधरा-ए म्हणजे चौकटच्या आकाराच्या छेदाचे, टोकाकडे झपाट्याने निमुळते, चिलखताच्या सांध्यांत भोसकायला केलेले. सोळा-ए हा दोन्हींच्या मधला, वरच्या अर्ध्यात पन्हळ आणि खाली कणा. सतरा हा जाड षटकोनी छेदाचा, दणकट. अठराचे पोटप्रकार पंधराव्या शतकात सर्वत्र दिसतात. रुंद बुड, सुबक निमुळतेपणा, कापणे आणि भोसकणे दोन्ही.

हे प्रकार कोणत्या काळात बसतात ते सांगणारे दोन चांगले पुरावे आहेत. इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुकांच्या अलेक्झांड्रिया इथल्या शस्त्रागारात जमा झालेल्या युरोपीय तलवारींवर अरबीत नोंदी कोरल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचवर हिजरी सालही आहे. म्हणजे तलवार निदान त्या सालापूर्वीची, हे पक्के. दुसरा पुरावा फ्रान्सचा: १७ जुलै १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईच्या परिसरात दोर्दोन्य नदीत सुमारे ८० तलवारींचा साठा सापडला. ‘चौदाव्या शतकातील अस्सल नमुना’ म्हणून विकली जाणारी तलवार ओळखीच्या साठ्यातल्या कोणत्या तलवारीवरून केली, हे विक्रेत्याला विचारा. चांगला कारागीर संग्रहालयाचे नाव आणि नोंद क्रमांक देतो. ‘शूरवीरांच्या काळातील’ एवढेच उत्तर आले तर ती कल्पनेतली तलवार आहे. आणि लाटालाटांचे ‘दमास्कस’ पाते पंधराव्या शतकातल्या लाँगसोर्डवर शोभत नाही, कितीही छान दिसो.

खरी परीक्षा पात्याच्या जाडीत आहे. फोटोत तलवार समोरून दिसते, म्हणून रुंदीचा निमुळतेपणा सगळे पाहतात. जाडी कडेने दिसते आणि कडेचा फोटो कोणी टाकत नाही. मूळ तलवार परजेजवळ, म्हणजे मुठीपुढच्या आडव्या दांडीजवळ, ५.५ ते ७ मिमी जाड असते, मध्यावर साधारण ४ ते ४.५ आणि टोकाच्या अलीकडे ५ सेंमीवर २.५ ते ३ मिमी. पंधरा-ए सारख्या ताठ पात्यांत कण्यावरची जाडी जास्त राहते, पण उतार तिथेही असतो. स्वस्त प्रतिकृती ४.५ किंवा ५ मिमीच्या पट्टीतून कापतात आणि तीच जाडी टोकापर्यंत नेतात. कारण उघड आहे: उतार घासायला वेळ लागतो.

याने काय बिघडते ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही, म्हणून हिशेबाने सांगतो. परजेपासून १० सेंमीवर ५० ग्रॅम जादा पोलाद ठेवा आणि तेवढेच ९० सेंमीवर ठेवा. तोलून धरताना दुसरे मनगटाला नऊपट जड लागते. तलवार फिरवताना किंवा मधेच थांबवताना मात्र अंतराच्या वर्गाने फरक पडतो, म्हणजे एक्याऐंशीपट. रीनॅक्टमेंटमध्ये घाव समोरच्याच्या अंगावर पोहोचण्याआधी थांबवायचा असतो. टोकजड तलवार थांबत नाही, आणि मग समोरच्याचे बोट मोडते.

तोल पाहायचा तर पाते आडवे करून बोटावर ठेवा. लाँगसोर्ड परजेपासून ७ ते १२ सेंमीवर तोलली पाहिजे. पण या एका आकड्यावर विसंबू नका. पाते जाडच ठेवून मुठीमागचा गोळा, म्हणजे पॉमेल, भारी केला की तोलाचा बिंदू बरोबर जागी येतो. तलवार मात्र दोन किलोची होते आणि फिरवताना तितकीच आडमुठी राहते. म्हणून एकूण वजन, तोलाचा बिंदू आणि तीन ठिकाणची जाडी हे आकडे एकत्र मागा. व्हर्नियर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा, एवढ्यावर हे घरी मोजता येते. विक्रेता जाडीचे आकडे देत नसेल तर दुसरा विक्रेता पाहा. ज्याने उतार दिला आहे तो स्वतःहून सांगतो.

आणखी एक तपासणी आहे, तिला काही लागत नाही. एका हाताने मूठ परजेजवळ सैल धरून तलवार उभी ठेवा आणि दुसऱ्या तळहाताने पॉमेलवर बाजूने हलकी थाप मारा. पाते थरथरते, पण एक जागा स्थिर दिसते. ९० सेंमीच्या पात्यावर ती परजेपासून ५५ ते ६० सेंमीवर असावी. घाव तिथे लागला की हाताला हादरा बसत नाही. दुसरी स्थिर जागा मुठीत, पुढच्या हाताखाली यायला हवी. ती तिथे नसेल तर प्रत्येक घावाला तळहात झिणझिणतो आणि लाकडी मूठ लवकर ढिली होते.

लवचिकतेबद्दल मात्र गैरसमज फार. ‘चांगली तलवार वेतासारखी वाकली पाहिजे’ हे सर्रास सांगितले जाते. वाकणे हा छेदाच्या आकाराचा गुण आहे, पोलादाच्या प्रतीचा नव्हे. भोसकायची पंधरा-ए ताठच असायला हवी. तुम्ही पाहायचे ते इतकेच की पाते थोडे वाकवल्यावर सरळ परत येते का. टोक लाकडी फळीवर टेकवून मधला भाग आठ-दहा सेंमी बाहेर येईल इतके दाबा, सोडा, मग कडेवरून डोळा लावून पाहा. कणभरही वाक राहिला असेल तर पाणी देताना, म्हणजे पोलाद तापवून कडक करताना, चूक झाली आहे. पाते गोल वाकवून दाखवणारे व्हिडिओ पाहून तसे करू नका, हकनाक तलवार जाईल.

पोलादावर लोक नको इतकी चर्चा करतात. ५१६०, ६१५०, ९२६०, १०६०, १०७५, भारतात मिळणारे ईएन ४५, यांपैकी कोणतेही चालते. ५१६० आणि ईएन ४५ ही तर ट्रकच्या स्प्रिंग पाट्यांची जात आहे: खड्डे सोसायला केलेली. फरक पडतो तो पाणी देण्याने, म्हणजे हार्डनिंग आणि टेम्परिंगने. कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर ४८ ते ५२ हा खेळायच्या तलवारीचा पल्ला आहे. धारदार तलवार किंचित वर गेली तरी हरकत नाही. ५५ च्या वर गेलेले लांब पाते पोलादावर आपटले की कडेचे तुकडे उडतात. ४५ च्या खाली गेलेल्यावर प्रत्येक भेटीत खाच पडते. गटात सगळ्यांची पाती साधारण एका कडकपणाची असणे चांगले. एक फार कडक असेल तर ते इतरांची कड खाते.

आता मूठ. तुटलेल्या प्रतिकृती पाहिल्या तर पाते मधे तुटल्याच्या घटना कमी आणि मुठीच्या आत तुटल्याच्या जास्त. मुठीत जाणाऱ्या पात्याच्या शेपटीला टँग म्हणतात. चांगल्या तलवारीत टँग पात्याच्याच तुकड्यातून निघते, परजेपाशी रुंद असते आणि पॉमेलकडे हळूहळू अरुंद होते. वाईट तलवारीत पाते परजेखाली संपते आणि त्याला एक गोल दांडा वेल्ड केलेला असतो, पुढे आटे पाडलेले, टोकाला नट. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे पाणी उतरते किंवा तिथे ते ठिसूळ होते. सगळा हादरा बरोबर त्याच जोडावर येतो. आणि हे सगळे चामड्याखाली झाकलेले असते.

टँग रुंद असूनही एक चूक राहू शकते. पाते संपून टँग सुरू होते तिथले दोन कोपरे काटकोनात कापलेले असतील तर भेग तिथून सुरू होते. कोपऱ्यात ताण साठतो. तिथे निदान २-३ मिमी त्रिज्येची गोलाई हवी. याचा फोटो विक्रेत्याकडे मागायला लाजू नका.

पॉमेल दोन तऱ्हांनी बसतो. मूळ पद्धतीत टँगचे टोक पॉमेलमधून बाहेर काढून हातोडीने ठोकून रिव्हेटसारखे पसरवतात. हे घट्ट बसते, पण एकदा ढिले झाले की घरी दुरुस्त होत नाही. दुसरी पद्धत नटाची. आटे टँगवरच पाडलेले असतील तर ती अजिबात हलकी नाही, आणि खेळणाऱ्याला सोयीची आहे, कारण उघडून आत पाहता येते. चीनच्या हानवेईच्या टिंकर मालिकेतल्या लाँगसोर्ड अशाच षटकोनी पान्याने उघडतात. नटाला मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, कायमचे नको.

परज खडखडू लागली तर घाबरू नका, पण तशीच वापरूही नका. लाकूड कोरड्या हवेत आकसते, आणि युरोपातल्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या खोलीत हे हमखास होते. उघडणारी मूठ असेल तर नट घट्ट करा. नसेल तर परजेच्या खाचेत पितळेच्या पातळ पत्र्याची किंवा कठीण लाकडाची पाचर दोन्ही बाजूंनी सारखी ठोका. एकाच बाजूने ठोकलीत तर परज तिरकी होते. फटीत नुसते इपॉक्सी भरून वेळ मारून नेता येते, पण पुढे आत पाणी शिरले, टँग गंजली, तर कळायचे नाही.

मुठीचे चामडे बदलणे सोपे आहे आणि प्रत्येकाने शिकावे. ०.८ ते १ मिमी जाडीचे, झाडाच्या सालीत कमावलेले बकऱ्याचे कातडे घ्या; कोल्हापुरी चपलेच्या वेणीला लागते त्या जातीचे. क्रोमने कमावलेले मऊ कातडे नको, त्यावर ठसा टिकत नाही. लाकडावर १.५ ते २ मिमीची ताग किंवा लिननची दोरी घट्ट शेजारी-शेजारी गुंडाळून फेव्हिकॉलसारख्या लाकडाच्या गोंदात भिजवा आणि सुकू द्या. कागदाचा साचा काढून कातडे कापा, दोन्ही कडा आतून तासून पातळ करा आणि २-३ मिमी एकावर एक येतील असा हिशेब ठेवा. मग कातडे ओले करून, गोंद लावून ताणून चिकटवा. जोड पात्याच्या सपाट बाजूच्या रेषेत यावा, धारेच्या रेषेत आला तर तळहाताला टोचतो. वरून पुन्हा दोरी करकचून गुंडाळा, चोवीस तासांनी सोडा. दोरीचे वळ कातड्यावर उमटतात आणि घामातही हात घसरत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कोणती घ्यायची. रीनॅक्टमेंटची तलवार दिसायला काळाशी जुळणारी, पण बोथट: कड २ ते ३ मिमी जाड आणि गोल केलेली, टोक नाण्यासारखे गोलसर, परजेची टोकेही बोथट. वजन १.४ ते १.७ किलो. कडा जाड असल्याने ती मूळ धारदार तलवारीपेक्षा थोडी जड राहते. ते मान्य करावे लागते. नियम गटागणिक बदलतात. काहींना टोक अधिक रुंद लागते, काही ठिकाणी भोसकणे पूर्ण बंद असते, डोक्यावर घाव चालत नाही. नियम लेखी मागवा आणि मगच ऑर्डर द्या.

फेडर हा वेगळा प्राणी आहे. जुन्या तलवारबाजीचा खेळ म्हणून सराव करणाऱ्या क्लबांत, जाळीचा मुखवटा, जाड जॅकेट आणि जड हातमोजे घालून, ही सरावाची तलवार वापरतात. योआखिम मायरच्या १५७० च्या ग्रंथातल्या चित्रांत हीच दिसते. पाते अरुंद, परजेजवळ दोन्ही बाजूंना रुंद ढाल आणि टोक दुमडलेले किंवा रबरी टोपी घातलेले. भोसकताना पाते वाकते म्हणून समोरचा वाचतो. टोक वजनकाट्यावर टेकवून पॉमेलवर दाबत जा. बहुतेक क्लबांना काटा १० ते १४ किलोच्या आत असताना पाते वाकायला हवे असते. बहुतेक रीनॅक्टमेंट गट मात्र रणांगणावर फेडर चालवून घेत नाहीत, कारण ते युद्धाचे हत्यारच नव्हते. चिलखत घालून पूर्ण ताकदीने लढण्याचा जो खेळ आहे, त्याचे नियम आणि तलवारी आणखी वेगळ्या, तिकडे या दोन्ही चालत नाहीत.

धारदार तलवार फक्त वस्तूंवर: भिजवून गुंडाळलेल्या चटया, पाण्याच्या बाटल्या, ओल्या वर्तमानपत्राच्या सुरळ्या. धार बहिर्वक्र असावी, पात्यातून सलग उतरत आलेली; शेवटी वेगळा छोटा चकाकता उतार दिसत असेल तर घाईने धार लावली आहे. लाकडाच्या ओंडक्यावर घाव घालू नका. तिरका बसला की पाते पिळवटते.

एक प्रश्न हमखास येतो: धारदार घेऊन ग्राइंडरने बोथट करून घेऊ का? नको. धारेजवळ जाडी अर्धा मिमी असते. २ मिमी कड मिळवायची तर दोन्ही बाजूंनी बरेच पोलाद जाते, पाते अरुंद होते, प्रमाण बिघडते. ग्राइंडरखाली कड निळी पडली की ती जागा ३०० अंशांच्या आसपास तापली असे समजा. तिथले पाणी उतरले असू शकते, आणि मग पुढची खाच तिथेच पडेल.

खेळायच्या तलवारीची खरी देखभाल म्हणजे कानस. प्रत्येक सरावानंतर कापडी हातमोजा घालून कडेवरून हात फिरवा. मोजा अडकला तिथे कुसळ आहे. बारीक दातांची सपाट कानस कडेच्या लांबीने चालवा, आडवी नाही, आणि वर २४० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर. एक मिमीपेक्षा खोल खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी तीक्ष्ण ठेवू नका, दोन्ही बाजूंना पसरट करून उथळ दरी करा. तीक्ष्ण खाचेच्या तळाशीच भेग जन्मते. खाचेतून केसासारखी रेषा आत गेलेली दिसली तर ते पाते संपले. वेल्डिंगने ते वाचत नाही.

शंका असेल तर डाय पेनिट्रंट वापरा. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायला असतात तेच तीन स्प्रे: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. साफ करा, लाल मारा, दहा मिनिटे थांबा, पुसा, पांढरा मारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. परजेपासून पहिले १५ सेंमी, जिथे अडवलेले घाव बसतात, आणि शक्य असेल तर टँगचे कोपरे, हे दोन भाग हंगामात एकदा तपासलेले बरे.

कुठून घ्यायची? तुम्ही जर्मनीत असाल तर जवळच चेक, पोलिश, हंगेरियन आणि इटालियन कारागीर आहेत. हंगेरीच्या रेगेन्येईचे फेडर क्लबांत सर्वत्र दिसतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची अल्बियन संग्रहालयातले मोजमाप घेऊन तलवारी करते. महाग आहे, पण संग्राहकासाठी पैसे तिथे लागलेले दिसतात. गंमत अशी की पाश्चात्त्य दुकानांतल्या पुष्कळ प्रतिकृती मुळात आपल्याकडच्या असतात. देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ पासून या धंद्यात आहे. एकाच कारखान्यातून पाच मिमीची सपाट पट्टीही निघते आणि नीट उताराचे पातेही, म्हणून नावावर जाऊ नका, मॉडेलचे आकडे पाहा. आपल्याकडे उलटा प्रवासही झाला आहे: युरोपात घडलेली सरळ पाती दख्खनेत आली, त्यांना इथल्या मुठी बसल्या आणि ती तलवार ‘फिरंग’ झाली. पण ती एकहाती, सोळाव्या-सतराव्या शतकातली. फिरंग दाखवून ‘मराठ्यांची लाँगसोर्ड’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका.

परत आणण्याचा बेत मात्र सोडलेला बरा. जर्मनीत धारदार तलवार घ्यायला १८ वर्षे पूर्ण हवीत आणि ती रस्त्याने, ट्रेनने नेताना कुलूपबंद पेटीत न्यावी लागते. बोथट तलवारही तशीच न्या, पोलिसाला समजावत बसायची वेळ येत नाही. भारतात शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ आड येतात. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तलवार त्यात येते, आणि शस्त्र आयात करायला परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा तलवार घेऊन बाहेर पडणे हाच गुन्हा ठरतो. बोथट तलवारीबद्दल विमानतळावर वाद घालण्यापेक्षा निघण्याआधी सीमाशुल्क विभागाकडून लेखी उत्तर घ्या. नाहीतर जाताना ती गटातल्याच कोणाला विकून या. बोथट तलवारीला गटात गिऱ्हाईक लगेच मिळते.

कायदेशीर मार्गाने तलवार घरी आलीच, तर तिला खरा शत्रू आपला पावसाळा. बोटांचे ठसे एका रात्रीत गंजतात. हाताळल्यावर पुसून शिलाई मशीनचे तेल पातळ लावा; लांब मुदतीसाठी मायक्रोक्रिस्टलाइन मेण त्याहून बरे, ते धूळ धरत नाही. खोबरेल तेल नको, काही महिन्यांत चिकट होऊन त्यावर धूळ बसते. चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नका. चामड्यातला ओलावा आणि कमावण्यातले आम्ल पात्यावर नक्षी काढतात, आणि बाहेरून काही कळत नाही. गंज दिसलाच तर सर्वांत बारीक स्टील वूल आणि तेल, पात्याच्या लांबीने. टांगायची तर पावसाची झड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर. खिळा परजेखाली घ्या आणि आधाराला फेल्ट लावा. रबर लावलेत तर त्याचा डाग पोलादावर उमटतो.